खुलासा: पेशीला शेपूट फुटलं म्हणजे कर्करोग झाला असं नव्हे

‘नदीच्या पाण्याने माशांच्या पेशींचा डीएनए तुटला, म्हणजे ते पाणी पिणाऱ्याला कर्करोग होणारच’ असा मजकूर फिरतोय. पहिलं वाक्य खरं असू शकतं. ‘म्हणजे’नंतरची उडी चुकीची आहे.

अशा तपासणीत बहुधा कॉमेट चाचणी वापरतात. तिची आज रूढ असलेली पद्धत १९८८ सालची. नमुन्याच्या संपर्कात ठेवलेल्या पेशी काचपट्टीवर जेलीसारख्या अगारोजमध्ये बसवतात, त्यांचं आवरण विरघळवतात आणि वीजप्रवाह सोडतात. शाबूत डीएनए जागच्या जागी राहतो, तुटलेला पुढे सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली चमकतं डोकं आणि त्यामागे धूसर शेपूट, हुबेहूब धूमकेतू! शेपूट जितकं मोठं, तितकी मोडतोड जास्त.

पण यातली बरीच मोडतोड जिवंत पेशी स्वतःच दुरुस्त करते. शिवाय अनेकदा पाणी थेट नव्हे, तर त्याचा कित्येक पट घट्ट केलेला अर्क तपासतात. (मजकूर पुढे पाठवताना हे कोण सांगतो?) आणि दर वेळी मासे मारावे लागतात असंही नाही: ट्राउट माशाच्या ‘आरटीजी-२’ पेशी १९६२ पासून प्रयोगशाळेत वाढवल्या जाताहेत.

शेपूट दिसलं की पाण्यातला नेमका कोणता पदार्थ जबाबदार, हा शोध तिथून सुरू होतो.