सात दिवस गप्प, आणि शेवटच्या तीन सेकंदांत बोली

काल रात्री एक काच माझ्या हातची गेली. अजून तळपायाची आग मस्तकात आहे, म्हणून लिहायला बसलेय.

काच म्हणजे जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची, डायलची काच. हे रेडिओ ज्यांनी उघडून पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बाकी सगळं मिळतं. व्हॉल्व्ह शोधला की सापडतो, कपॅसिटर नवेच टाकायचे असतात, स्पीकरवरचं कापड मिळतं, डायलची दोरी मिळते, लाकडाला पॉलिश घरी करता येतं. काच मात्र मिळत नाही. प्रत्येक मॉडेलची वेगळी, स्टेशनांची नावं आणि आकडे मागच्या बाजूने रंगात छापलेले, आणि तो रंग इतका नाजूक की कोणी हौसेने ओलं फडकं फिरवलं की अक्षरं फडक्यावर उतरतात. माझ्या सेटची काच माझ्याकडे आली तीच मधोमध तडकलेली, अर्धी अक्षरं उडालेली. गेली दोन वर्षं काट्यामागे पुठ्ठा लावून काम चालवतेय. काटा कुठे आला की काय लागतं, त्याच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत त्या पुठ्ठ्यावर.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच मॉडेलची काच एका ऑनलाइन लिलावात आली. सात दिवसांचा लिलाव. फोटो मोठा करून करून पाहिला. एका कोपऱ्याला टवका उडालेला, पण तो कोपरा फ्रेमखाली जातो. अक्षरं सगळी शाबूत. दुसऱ्याच दिवशी बोली लावली. आणखी दोघं होते, त्यांनी तीन दिवस थोडं थोडं वर नेलं आणि थांबले. मग तीन दिवस सगळ्यात वर माझं नाव. शेवटच्या संध्याकाळी दहा मिनिटं उरली तेव्हा मी पुढ्यात, पाच उरली तेव्हाही मीच, एक उरलं तेव्हाही मीच. दहा सेकंद. सहा. आणि मग एकाच क्षणी दोन ओळी आल्या: तुमच्यापेक्षा मोठी बोली आली आहे. लिलाव संपला आहे. मी पुढचा आकडा टाइप केला होता, बोट बटणावर होतं, आणि बटणच गेलं.

बिड हिस्टरी, म्हणजे सगळ्या बोलींची यादी, उघडली. नावाचं पहिलं अक्षर, पुढे चांदण्या. त्या माणसाच्या एकूण बोली: एक. वेळ: लिलाव संपायला तीन सेकंद असताना. सात दिवसांत हा कुठेही नव्हता. काच कशी आहे, टवका किती खोल आहे हे विचारणारा मेसेज मी सेलरला केला होता, त्याचं उत्तर सगळ्यांना दिसत होतं. तेही याने आयतं वाचलं असणार.

मी हरले म्हणून चिडलेले नाही. लिलावात हरणं असतंच. कोणाला तरी माझ्यापेक्षा जास्त हवी होती आणि त्याने माझ्या तोंडावर जास्त मोजले, तर मी निमूट बाजूला होते. माझा राग वेगळाच आहे. मला बोलूच दिलं नाही. समोरासमोरच्या लिलावात एक वार, दोन वार, तीन वार असं का मोजतात? कोणी नवी बोली लावली की ज्याची बोली खाली गेली त्याच्याकडे बघून विचारायचं असतं, तू अजून आहेस की गेलास? आणि कोणी हात वर केला की मोजणी परत पहिल्यापासून. सगळे गप्प झाल्याशिवाय हातोडा पडत नाही, आणि लिलावाचा सगळा प्राण त्यातच आहे. ऑनलाइन लिलावांनी बोली ठेवली, हातोडा ठेवला, आणि मधली ती मोजणी काढून टाकली. तिच्या जागी घड्याळ बसवलं. घड्याळाला कोण बोलतंय आणि कोण बोलायचं राहिलंय याच्याशी काय देणंघेणं?

आता येतात शहाणे. ‘तुझी कमाल किती ती एकदाच टाकायची आणि झोपून जायचं. तुझ्या कमालीपेक्षा त्याची जास्त होती, विषय संपला.’ हे मला इतक्यांनी ऐकवलंय की कान किटले. मला कळतं हो प्रॉक्सी बिडिंग कसं चालतं. आपण आपला सर्वात मोठा आकडा भरायचा, यंत्र तो लपवून ठेवतं आणि समोरच्यापेक्षा एकच पायरी वर आपली बोली चढवत राहतं. जिंकलो तर दुसऱ्या नंबरच्या आकड्याहून जेमतेम एक पायरी जास्त मोजायची. म्हणूनच तो माणूस माझ्यापेक्षा एकाच पायरीने पुढे दिसतोय, आणि त्याचा खरा आकडा कितीही मोठा असू शकतो, हेही मला कळतं. यामागचा हिशोब अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये मांडला. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल तर प्रत्येकाने आपला खरा आकडा सांगण्यातच त्याचं भलं आहे, असा तो हिशोब. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हिशोब चोख आहे. पण तो बंद पाकिटांचा आहे! सगळ्यांनी पाकिटं द्यायची आणि सगळी एकदम उघडायची. इथे माझं पाकीट सहा दिवस टेबलावर पडलेलं असतं आणि येणारा जाणारा प्रत्येक जण ते उजेडात धरून बघतो. एक पायरी चढवतो, मी वर आहे असं दिसतं. आणखी एक चढवतो, तरी मीच वर. असं करत करत माझा आकडा कुठे संपतो ते कोणीही चाचपून काढू शकतो. सेलरचाच एखादा माणूस खोट्या नावाने हेच करतो तेव्हा तर लूटच. म्हणजे आधी आणि खरं बोलणारा दोन्हीकडून मार खातो, आणि दबा धरून बसलेला दोन्हीतून सुटतो. ‘कमाल टाकून झोप’ सांगणारे स्वतः कधी झोपतात ते मला दाखवा.

आणि कमाल कमाल म्हणजे काय? दोन वर्षांत एकदा दिसणाऱ्या काचेचा भाव कुठे छापलेला असतो का? दुसरा एक जाणकार माणूस त्या काचेसाठी पुढे जातोय हे दिसलं की मला कळतं, की अक्षरांबद्दल माझा अंदाज बरोबर आहे, नकली छपाई नाही, थोडं आणखी वर जायला हरकत नाही. दुसऱ्यांच्या बोलीतून किंमत समजते, म्हणून तर उघड लिलाव करतात. जो शेवटच्या तीन सेकंदांपर्यंत तोंड उघडत नाही, तो आमच्या सगळ्यांच्या बोलींतून शिकतो आणि स्वतःची बोली कोणाला बघूही देत नाही.

भाऊ म्हणाला, ‘ताई, मग तूही शेवटीच टाक ना.’ केलंय तेही. मागच्या वर्षी रेडिओच्या एका सुट्या भागासाठी, आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी, अलार्म लावून बसले, पाच सेकंद उरली तेव्हा आकडा टाकला आणि मिळाला. पाच दिवस कोणीतरी दुसरं त्या ट्रान्सफॉर्मरवर होतं, त्याच्याही नावापुढे चांदण्या. त्याचाही सेट कुठेतरी उघडा पडला असेल. ट्रान्सफॉर्मर बसवला, उत्तम चालतोय, पण त्याच्या तोंडचा घास मी त्याला बोलायला वेळ न देता काढून घेतला हे मी विसरलेले नाही. त्यानंतर तसं केलं नाही आणि करणार नाही. शिवाय सगळेच शेवटच्या पाच सेकंदांत घुसले तर निकाल कशावर लागणार? कोणाचं नेट जलद, एवढ्यावरच. आता तर माणूसही लागत नाही. आपला पासवर्ड तिसऱ्याच कंपनीच्या हवाली करायचा, आकडा सांगायचा, त्यांचं यंत्र नेमक्या सेकंदाला बोली टाकतं. माणूस खुशाल झोपलेला. मी इथे डोळ्यांत तेल घालून बसलेय, आणि मी हरले कोणाशी? एका टायमरशी!

हा खोडसाळपणा नवा नाही बरं का. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीवर लिलाव चालायचे. मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा आणि ज्योत विझण्याआधी ज्याची बोली शेवटची, त्याला माल. सॅम्युएल पेपिस नावाच्या तिथल्या आरमाराच्या अधिकाऱ्याने १६६२ च्या सप्टेंबरमध्ये रोजनिशीत लिहून ठेवलंय, की सुरुवातीला कोणी तोंड उघडत नाही, आणि ज्योत विझायला आली की आरडाओरडा आणि भांडणं. त्यात एक जण प्रत्येक वेळी नेमका शेवटचा यायचा. पेपिसने त्याला विचारलं तर तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो, तो बघून मी बोलतो. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली त्याला, आणि आजही तोच धूर बघत बसलेत लोक. फरक एवढाच, की विझत आलेली मेणबत्ती कोणाच्या बापाला लांबवता येत नव्हती. कॉम्प्युटरवरचं घड्याळ लांबवता येतं.

आणि लांबवलंय! माझा खरा संताप इथे आहे. यावर उपाय कोणी शोधायचा बाकी नाही. ॲमेझॉनने १९९९ मध्ये लिलाव सुरू केले, ते कधीच बंद झाले, पण त्यात नियम होता: शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे सरकणार, आणि सलग दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरच संपणार. तीच आपली एक वार, दोन वार, तीन वार. ईबे या दुसऱ्या लिलावाच्या साइटवर तेव्हा वेळ ठरलेली, सेकंद संपला की खेळ खलास. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडचे लिलाव शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि २००२ मध्ये छापले. जुन्या वस्तूंच्या लिलावांत, म्हणजे माझ्या काचेच्याच जातीच्या मालात, ईबेवरच्या ५९ टक्के लिलावांची शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आलेली. ॲमेझॉनवर ३ टक्के. माणसं तीच, माल तोच, नियम वेगळा. आणखी एक त्यांना दिसलं. ईबेवर माणूस जितका मुरलेला, तितका उशिरा बोली लावणारा. ॲमेझॉनवर याच्या उलट. म्हणजे दबा धरायला नियमच शिकवतो. याच रॉथना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा हे काही कोपऱ्यात पडलेलं संशोधन नाही. जपानच्या याहू लिलावांत आपोआप पाच मिनिटं वाढवण्याची सोय सेलरला मिळते. मग मी ज्या साइटवर हरले तिला काय धाड भरलीय?

बरं, यात सेलरचं तरी भलं होतं का? माझी काच विकणाऱ्याला विचारा. मला वेळ मिळाला असता तर मी आणखी वर गेले असते, समोरचाही गेला असता कदाचित, आणि वाढलेले पैसे त्याच्या खिशात पडले असते. साइटचं कमिशनसुद्धा वाढलं असतं. हे मी मनचं सांगत नाही. रॉथ-ऑकेनफेल्स यांनी २००५ च्या एका प्रयोगात तपासलं, आणि वेळ वाढवणाऱ्या लिलावातच विक्रेत्याला जास्त मिळालं. तरी यांना ते लाल आकडे उलटे धावताना दाखवायचे आहेत, कारण त्यात म्हणे रंगत येते. रंगत कोणाला येते? सहा दिवस प्रामाणिकपणे बोली लावून बसलेल्याला नाही येत.

रात्रीच साइटच्या मदत कक्षाला लिहिलं. शेवटच्या मिनिटांत बोली आली तर वेळ का वाढवत नाही, एवढा एकच प्रश्न. सकाळी उत्तर आलं, की लिलाव नियमानुसार ठरलेल्या वेळी संपला असून कोणतीही तांत्रिक त्रुटी आढळली नाही. तो ठरलेल्या वेळी संपला हीच तर माझी तक्रार आहे! परत लिहिलंय. उत्तर येईपर्यंत रोज लिहिणार आहे.

आणि चांदण्यांमागे लपलेल्या माणसा, तू जर हे वाचत असशील तर एवढं ऐक. काच आली की ती ओल्या फडक्याने पुसू नकोस. साबण तर नकोच. समोरची बाजू कोरड्या मऊ कापडाने पूस, आणि मागच्या बाजूला हातसुद्धा लावू नकोस.