सहा किलो उतरल्यावर पुढे काय?

ठरवलेलं वजन उतरलं की बरेच जण व्यायाम सोडतात, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं निरीक्षण शंभर टक्के पटलं. मीही सोडला होता. डॉक्टरांनी सहा किलो कमी करायला सांगितले, मी रोज सकाळी सोलापुरातल्या कंबर तलावाकाठी चालून ते केले आणि पेढे वाटून घरी बसले! पाच महिन्यांत चार किलो परत आले.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा वजनाचा आकडा बाजूला ठेवला. आता ध्येय वेगळं आहे: जमिनीवरून हात न टेकता उठायचं आणि तीन मजले न थांबता चढायचे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, नुसत्या चालण्याने ते पुरेसे टिकत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करायला सांगते. शरीराला त्याच त्या श्रमांची सवय होते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा भार वाढवते. थोडाच, गुडघे सांभाळून.

ज्वारीची भाकरी सोडलेली नाही. शेंगाचटणी मात्र आता चमच्याने मोजून घेते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, सातनंतर चालवत नाही. तेव्हा पहाटे साडेपाचला निघते, आणि शेजारच्या दोघी जावा आता माझ्याबरोबर येतात. त्यांचं पहिलं ध्येय अजून पूर्ण व्हायचंय, पण पुढचं मी आत्ताच विचारून ठेवलंय.