कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही: निपाणीच्या गॅरेजवाल्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : माझा लेख वाचून गिऱ्हाईक गॅरेजात हुज्जत घालायला लागलंय, स्कॅनरनं पी०१७१ हा दोषाचा कोड दाखवला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा हाच सरळ मार्ग, आणि तपासत बसलं तर त्या वेळेचे पैसे कोण देणार? चिकोडीच्या एका गाडीला तुम्ही नवा सेन्सर घातलात, आठवड्यात चेक इंजिनचा दिवा परत लागला, आणि त्याचं खापर तुम्ही बाजारातल्या मालावर फोडलंय.

मला त्या मालाला दोष द्यावासा वाटत नाही. पी०१७१ म्हणजे एवढंच, की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि ईसीयूनं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं, पेट्रोल वाढवून वाढवून शेवटी हात टेकलेत. ही बातमी धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरच देतो. बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो आणि आपण त्यालाच काढून टाकतो.

इंजिन गरम करून स्कॅनरच्या लाइव्ह डेटात शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिमची बेरीज बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ती अधिक २० च्या पुढे आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ५ च्या आसपास उतरली, तर कुठूनतरी न मोजलेली चोरटी हवा शिरतेय. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, म्हणून चोरटीचा वाटा मोठा दिसतो. रेस केली की तोच किरकोळ होतो. इंजिनातली वाफ परत आत नेणारा पीसीव्हीचा पाईप वरून धडधाकट दिसतो. बोटानं खालची बाजू चाचपा, तेलानं फुगून मऊ पडलेल्या जागी चीर हाताला लागते. याउलट चोर्ला घाटाच्या चढाला ट्रिम वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळलेला. मात्र हा हिशेब मॅफवाल्या गाड्यांचा. हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत चोरटी हवा आली की ईसीयू त्या मानानं पेट्रोलही वाढवतो, तिथं बहुधा आयडलच चढतं. गाडीत कुठला सेन्सर आहे हे आधी बघायचं ते यासाठी.

पी०१३५ आला तर तुमचं बरंचसं बरोबर. तो ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचाच कोड. तरी आधी फ्यूज आणि कनेक्टरला येणारे १२ व्होल्ट बघा.

आपल्या भागात पावसाळ्यात वायरिंगचे कोड तर विचारू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या धुवाधार पावसात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली शिरतात, वायरी कुरतडतात. मग येतो पी०११३, हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कोड, आणि स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४० अंश. सर्किट तुटलं की हाच आकडा दिसतो. कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूची त्या सेन्सरची दोन टर्मिनलं तारेनं जोडा. आकडा शंभरापार उडाला तर वायरिंग ठीक, सेन्सर गेलेला. जागचा हलला नाही तर वायर शोधा. याला तास लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर तपासणीची मजुरी बिलात वेगळी लावा, आणि गाडी हातात घेतानाच सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कशाला? गिऱ्हाईक चिडतं ते सेन्सरचे हजारो रुपये मोजूनही दिवा परत लागतो म्हणून.

आणि कोड आधी पुसू नका. पुसला की फ्रीझ फ्रेम जाते. दोष नोंदला तेव्हा गाडी किती वेगात होती, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता, सगळं गेलं. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, त्याही पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

चिकोडीची ती गाडी परत आली की पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, आयडल आणि अडीच हजाराच्या ट्रिम लिहून घ्या. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या जोडाला काजळी दिसते का तेही बघा, तिथल्या गळतीनंही हाच कोड येतो. आकडे इथंच टाका, आपण मिळून बघू.