झिंक टाकलं की सोनं खाली बसतं, हे अर्धसत्य आहे

‘जुने सर्किट बोर्ड नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणात टाका, उरलेलं नायट्रिक युरियाने मारा, झिंकची पूड घाला, खाली बसेल ते सोनं, वरचं पाणी सोडा घालून ओतून द्या, खिडकी तेवढी उघडी ठेवा.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी माल घालवते, आणि शेवटची जिवावर बेतू शकते.

अख्खे बोर्ड आम्लराजात, म्हणजे नायट्रिक-हायड्रोक्लोरिकच्या या मिश्रणात, बुडवायचेच नसतात. एका मोबाईलमध्ये सोनं असतं जेमतेम ३० मिलिग्रॅम, बाकी तांबं, कथील, निकेल. तांबं शिल्लक असेपर्यंत विरघळलेलं सोनं पुन्हा त्याच्यावरच जाऊन बसतं. झाळकामातलं कथील नायट्रिकमध्ये चिकट पांढरा लगदा करतं. गाळणकागद तुंबतो आणि सोनं त्या लगद्यात अडकतं. सोन्याचा मुलामा असलेले भाग आधी कापून वेगळे काढायचे, हाच खरा पहिला टप्पा.

आता झिंक. झिंक सोनं खाली आणतं, हे खरं. पण ते तांबं, चांदी, शिसं, पॅलेडियम असं सगळंच खाली आणतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तळाशी काळपट साका पाहून हरखलो होतो. धुऊन पुन्हा नायट्रिकमध्ये घातला, तर द्रावण हिरवंनिळं झालं आणि साका जवळजवळ संपला. ते बहुतेक तांबंच होतं. सोन्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट वापरतात, कारण ते तांब्याला हात न लावता सोनं पाडतात. मेटाबायसल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो, हेही ध्यानात ठेवा.

युरियाने नायट्रिक मरत नाही. युरिया नायट्रस आम्लाशी भिडतो, नायट्रिक तसंच राहतं आणि पडलेलं सोनं पुन्हा विरघळवतं. नायट्रिक मारायला सल्फॅमिक आम्ल लागतं, गरम द्रावणात चिमूट चिमूट, कारण फेस उसळतो.

आणि ज्याचा या सल्ल्यात उल्लेखच नाही, ती कसोटी. द्रावणाचा एक थेंब गाळणकागदावर घ्या, त्यावर ताज्या स्टॅनस क्लोराइडचा थेंब सोडा. सोनं असेल तर डाग जांभळा होतो, भरपूर असेल तर काळपट. सोनं पाडण्याआधी ही कसोटी घ्यायची आणि पाडल्यावर पुन्हा. डाग उमटायचा थांबला नसेल, तर सोनं अजून पाण्यातच आहे.

म्हणूनच ‘वरचं पाणी ओतून द्या’ वाचलं की मला राग येतो. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून आम्लराजात विरघळवली. ती बाटली युद्धभर फळीवर पडून होती. नंतर त्यातलं सोनं परत काढलं आणि पदकं पुन्हा घडवली गेली. सोनं द्रावणात कुठे पळून जात नाही. घाईने ओतून देणारा मात्र ते कायमचं घालवतो.

खिडकीबद्दल स्पष्टच सांगतो. आम्लराजात धातू विरघळताना सुटणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो आणि कापडी मास्क तो अडवत नाही. श्वासात गेल्यावर थोडा खोकला येऊन बरं वाटतं, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. धूर बाहेर ओढणारं फ्यूम हूड नसेल तर हे काम घरी करू नका. कापलेले भाग शुद्धीकरण करणाऱ्याला विका, पैसे थोडे कमी मिळतील.

राहिला सोडा. त्याने आंबटपणा जातो, तांबं, निकेल, शिसं जात नाही. सोनं संपल्याची खात्री झाली की द्रावणात लोखंडाचा भंगार टाकून तांबं खाली बसवावं, मग कॉस्टिक सोड्याने पीएच ९–१० पर्यंत नेऊन उरलेल्या धातूंचा चोथा गाळावा, वाळवावा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा.