पोटरी दुखावली म्हणजे अकिलीस तुटणारच?

अमेरिकन फुटबॉलमधल्या कुणा नावाजलेल्या खेळाडूची पोटरी दुखावली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गाभा असा: ‘पोटरी दुखावणं ही अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर (कंडरा), तुटण्याची आगाऊ नोटीस. ॲरन रॉजर्स आठवा. उपाय एकच, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आणि खरा दोषी कृत्रिम गवत.’

रॉजर्सपासूनच सुरुवात करू. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल रचणारा खेळाडू. मे 2023 मध्ये सरावात त्याची पोटरी दुखावली. 11 सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सकडून पहिल्याच सामन्यात, चौथ्याच स्नॅपला (म्हणजे चौथ्याच चालीत), त्याच्या डाव्या पायाची अकिलीस तुटली. मजकुराने एवढंच उचललं. पण हाच रॉजर्स डिसेंबर 2014 मध्ये ग्रीन बे संघाकडून खेळताना डावी पोटरी दुखावून बसला होता. टॅम्पा बेविरुद्ध ती ताणली, पुढच्या रविवारी डेट्रॉइटविरुद्ध पुन्हा गेली, त्याला गाडीवरून आत न्यावं लागलं. तरी तो परतला, सामना जिंकून दिला आणि लंगडत लंगडत प्लेऑफचे दोन सामने खेळला. ही आगाऊ नोटीस असेल, तर ती बजावायला पावणेनऊ वर्षं लागली!

सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याचं नाव मात्र या मजकुरात कधी येत नाही. जुलै 2023 मध्ये त्याची उजवी पोटरी गेली, सप्टेंबरात ती पुन्हा दुखावली. सिनसिनाटीने पहिल्या चारपैकी तीन सामने गमावले. मग ऑक्टोबरात ॲरिझोनाविरुद्ध त्याने पास फेकून संघाला 317 यार्ड मिळवून दिले, संघ ओळीने चार सामने जिंकला. नोव्हेंबरात त्याचा हंगाम संपला तो मनगटामुळे. अकिलीस शाबूत होती.

मजकुरात तथ्य अजिबात नाही असं नाही. पोटरीचे दोन्ही मोठे स्नायू, वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस आणि त्याखालचा सोलिअस, खाली एकाच शिरेत मिळतात, ती अकिलीस. बास्केटबॉलमधले केव्हिन ड्युरँट (2019) आणि टायरीज हॅलिबर्टन (2025) दोघेही दुखऱ्या पोटरीने अंतिम फेरीत उतरले आणि अकिलीस तोडून बसले. धोका आहेच, पण धोका म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. पोटरी बरी होऊन निमूट खेळत राहिलेल्यांची बातमी होत नाही, म्हणून ते कुणाला आठवत नाहीत.

आता विश्रांती. मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच सल्ला, कारण तो शहाणपणाचा वाटतो. बरो सरावसामन्यांचा अख्खा काळ बाहेर होता, पहिल्या दुखापतीपासून 52 दिवस उलटले होते, तरी दुसऱ्याच सामन्यात पोटरी पुन्हा दुखावली. दिवस मोजून स्नायू बरा होत नाही. सुरुवातीचे काही दिवस जपायचं, हे ठीक. पुढे त्याच्यावर हळूहळू भार टाकावाच लागतो. आधी दोन पायांवर टाचा उचलणं, मग एका पायावर, मग उड्या, मग धावणं, आणि शेवटी वेगात दिशा बदलणं. यात एक मेख आहे. गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, सोलिअस गुडघ्याच्या खालून. त्यामुळे गुडघा ताठ ठेवून टाचा उचलल्या की वरच्या स्नायूवर जास्त भार येतो, आणि सोलिअसची खरी परीक्षा गुडघा वाकवल्यावरच होते. दुखणं आधी थांबतं, ताकद मागाहून येते. त्या मधल्या फसव्या दिवसांत खेळाडू ‘आता काही होत नाही’ म्हणतो आणि मैदानात उतरतो.

सहाच आठवडे का, याला तर काहीच आधार नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या 27 खेळाडूंच्या पोटरीच्या दुखापती तपासणाऱ्या एका अभ्यासात परतण्याचा सरासरी काळ सुमारे 17 दिवस निघाला. अर्थात ही सरासरीही कुणी गाठीला बांधू नये. काही जण त्याच्या खूप आधी परतले, काहींना कितीतरी जास्त लागले. कोणता स्नायू फाटला आणि त्याच्या आवरणाला किती मोठी चीर गेली, यावर बरंच काही ठरतं, आणि ते एमआरआयमध्ये दिसतं, कॅलेंडरात नाही.

राहिलं कृत्रिम गवत. रॉजर्स त्यावरच पडला हे खरं, आणि खेळाडूंच्या संघटनेची नैसर्गिक गवताची मागणीही रास्त आहे. फक्त ड्युरँट आणि हॅलिबर्टन पडले ते लाकडी फरशीवर.