हसू माझं, विनोद त्यांचा

रविवारी रात्री वहिनींचा फोन आला. “भावजी, टीव्हीवर दिसलात. फारच हसलात हो!” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. वहिनींचा फोन अर्ध्या तासाच्या आत संपल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. म्हणजे काहीतरी भयंकर घडलं होतं.

टीव्ही लावला. चित्रपट पुरस्कारांचा तो सोहळा दुसऱ्या वाहिनीवरही चालू होता, तासाभराच्या फरकाने. सूत्रसंचालक एका ज्येष्ठ अभिनेत्रीला मंचावर बोलावताना म्हणाला, “ताई येतायत, सुतार तयार आहेत ना?” आणि पडद्यावर मी आलो. मान मागे टाकून, डोळे मिटून, मांडीवर थापा मारत हसणारा मी. वहिनींचं वजन हा आमच्या घरात गेली बारा वर्षं कोणीही न काढलेला विषय आहे. तो मी सगळ्या महाराष्ट्रासमोर, दातांसकट काढला होता.

आणि मी त्या विनोदाला हसलोच नव्हतो! उलट कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. ते हसू खरं होतं, पण पाऊण तास आधीचं होतं, आणि त्या दीडशहाण्यासाठी नव्हतं.

पास एका मित्राने दिला होता. पासवर वेळ संध्याकाळी सहाची, सोहळा सुरू झाला पावणेनऊला. मधल्या वेळात आमच्याकडून टाळ्या काढून घेण्यात आल्या. कानाला हेडसेट लावलेला एक मुलगा रिकाम्या मंचासमोर उभा राहून ओरडत होता, “आता नुसत्या टाळ्या! आता हसून टाळ्या! आता उभं राहून, डोळ्यांत जरा पाणी!” समोर माणूस नाही, झुरळ नाही, आणि आठशे माणसं गहिवरलेली. आयुष्यात अनेक रटाळ भाषणांना टाळ्या वाजवल्या आहेत, पण निदान भाषण तरी असायचं.

माझी जागा चार वेळा बदलली. शर्ट बारीक चौकड्यांचा होता. कॅमेऱ्यात चौकडा थरथरतो म्हणून आधी मला खांबामागे टाकलं. मग त्या खांबामागे एका नायकाचा अंगरक्षक हवा होता, म्हणून आणखी मागे. शेवटी एक विजेता ट्रॉफी घेऊन थेट गाडीत जाऊन बसला आणि पुढची खुर्ची रिकामी पडली. रिकामी खुर्ची टीव्हीवर दिसणं हे म्हणे अशुभ. हेडसेटवाल्याने स्वतःचं काळं जाकीट माझ्या अंगावर चढवलं, घामासकट, आणि मला दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. खुर्ची अजून गरम होती. कलेच्या इतक्या जवळ मी पूर्वी कधी गेलो नव्हतो.

शेजारी मावशी होत्या. साठीच्या, हिरवा ब्लाउज, मांडीवर शाल, पायाशी कापडी पिशवी.

“पहिल्यांदाच का?” त्यांनी विचारलं.

“हो. तुम्ही?”

“सतरावा. नाचगाण्यांचे कार्यक्रम वेगळे.” त्यांनी पिशवीतून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. “मी टाळ्यांना येते. शिफ्टवर. आत्ता पुढच्या मिनिटाला त्या निळ्या कोटवाल्याला मिळेल बघा.”

मिळाला. सहायक अभिनेत्याचा.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तो कडेच्या खुर्चीत बसलाय. मधे बसवला असता तर सात जणांचे पाय तुडवत जावं लागलं असतं. जिंकणारा कधी मधे बसत नाही, भाऊ. आणि आईला घेऊन आलाय. हरायला कोणी आईला आणतं का?”

मी नामांकनांचा कागद पाठ करून आलो होतो. त्यातले नऊपैकी सात चित्रपट पाहिले होते, तिकीट काढून. मावशींनी एकही पाहिला नव्हता. त्यांनी ओळीने सहा विजेते सांगितले, सगळे बरोबर. माझे दोन. एकदा मी हट्टाने म्हटलं, “नाही हो मावशी, अभिनय त्या दुसऱ्या मुलीचा फार चांगला होता.” त्या माझ्याकडे दयेने बघत राहिल्या. “असेल ना. पण ती आलीय कुठे?”

१९५४ साली मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले, तेव्हा ते फक्त पाच होते. चित्रपट ‘दो बिघा जमीन’, दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीप कुमार, अभिनेत्री मीना कुमारी, संगीतकार नौशाद. संपलं, घरी जा. त्याच वर्षी राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आपल्या ‘श्यामची आई’ला मिळालं, आणि तो मान मराठीकडे परत यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं वाट पाहावी लागली. इथे पन्नास मिनिटांत चौदा ट्रॉफ्या वाटून झाल्या होत्या. त्यात ‘वर्षातील सर्वात स्टायलिश चेहरा’ होता. तो देताना टाळ्या इतक्या वेळ चालल्या की मी घड्याळ बघितलं. ध्वनी, वेशभूषा आणि संकलन यांचे पुरस्कार मात्र कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच उरकले होते, लोक खुर्च्या शोधत असताना. वर्षभर अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांचे चित्रपट जोडणाऱ्या त्या माणसाला टीव्हीवर मिळाले तीन सेकंद, तेही खालून पळणाऱ्या पट्टीत. याचा मला खरंच राग आला होता. अजूनही आहे. फक्त आता संकलकांविषयी सहानुभूती दाखवायच्या मनःस्थितीत मी नाही.

मावशींना म्हटलं, ऋषी कपूरने आत्मचरित्रात कबूल केलंय की ‘बॉबी’चा पुरस्कार त्याने तीस हजार रुपये देऊन घेतला होता.

“तीस हजार? त्या काळात?” त्या हिशेब करत थांबल्या. “एवढ्यात मी त्याला जन्मभर टाळ्या दिल्या असत्या.”

मग सर्वोत्कृष्ट अभिनेता झाला. ट्रॉफी छातीशी धरून तो रडायला लागला. “खरं सांगतो, मला अजिबात कल्पना नव्हती... अजिबात...” सभागृह स्तब्ध. माझाही घसा दाटला, मी तसा हळवा आहे. तेवढ्यात मावशींचं कोपर माझ्या बरगडीत शिरलं.

“मी मघाशी बाहेर चहाला गेले होते,” त्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, “तेव्हा हा गाडीमागे उभा राहून कागद पाठ करत होता. ‘अजिबात कल्पना नव्हती’ इथेच सारखा अडकत होता.”

मी फुटलो. हसू दाबायला गेलो तर ते नाकातून आलं. मांडीवर थापा मारल्या त्या हसू थांबवण्यासाठी होत्या, हे कोणी लक्षात घेईल का? डोक्यावरून जिबचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या क्रेनचा, लांब हात सरकत गेला, त्याच्या टोकाला कॅमेरा होता, आणि मला वाटलं, जातोय बापडा कुठेतरी.

माझ्या आयुष्यातलं ते गेल्या दोनेक वर्षांतलं सगळ्यात अस्सल हसू होतं. ते कापून त्या सुतारवाल्या विनोदाला चिकटवलं. त्याला सभागृहात कोणीही हसलं नव्हतं, ताई स्वतः तर नाहीच. त्या पायऱ्या चढताना क्षणभर थांबल्या, पदर सारखा केला आणि मग वर गेल्या. ते थांबणं टीव्हीवर नाही. त्या जागी मी आहे.

काल मोबाईल घेऊन दादाकडे गेलो. ती क्लिप वहिनींसमोर धरली, नेमक्या क्षणी थांबवली. चौकटीच्या डाव्या कडेला हिरव्या ब्लाउजमधलं एक कोपर दिसतं, बोटभर.

“हे बघा,” मी म्हटलं, “हे मावशींचं कोपर. यामुळे हसलो मी.”

वहिनींनी चष्मा लावला. मोबाईल जवळ धरला, लांब धरला.

“कोपर आहे खरं,” त्या म्हणाल्या. मोबाईल परत देत त्यांनी विचारलं, “आणि ते जाकीट कोणाचं? तुमच्या मापाचं नाही. पोटावर किती ताणलंय!”