पुणेकर आले नाहीत म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय. वर्षा-दोन वर्षांतून एकदा उगवतोच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुण्याला फुटबॉल पचत नाही. इथे चार क्लब आले, चारही गेले. मालकांनी कोट्यवधी ओतले, वर्ल्ड कप जिंकलेला ट्रेझेगे बालेवाडीत आणून उभा केला, पण पुणेकर घरी क्रिकेट बघत बसले. खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून एफसी पुणे सिटी हैदराबादला गेला आणि तिथे जाऊन चॅम्पियन झाला. मॅनेजमेंटच्या नावाने शिव्या देणाऱ्यांनी आधी सांगावं, तिकीट काढून किती मॅच बघितल्या? शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

पाठवणारे काका दुसऱ्या मजल्यावरचे. त्यांच्या घरचं दिवाळीचं फराळ खाल्लेलं आहे, त्यामुळे ग्रुपवर तोंड उघडता येत नाही. म्हणून इथे लिहितो.

‘पुण्याला फुटबॉल पचत नाही.’

हे वाक्य लिहिणारा रविवारी सकाळी खडकीत, कॅम्पात किंवा घोरपडीत कधी फिरकलेला नसणार. लष्कराच्या छावण्यांमुळे या भागांत फुटबॉल ब्रिटिशांच्या काळापासून आहे. मी खडकीत वाढलो. आमच्याकडे क्रिकेटची बॅट असलेला मुलगा श्रीमंत समजला जायचा, फुटबॉल एकच आणि तो सगळ्या गल्लीचा. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग सुपर डिव्हिजनपासून खालपर्यंत चालते. डेक्कन रोव्हर्स, अशोका इलेव्हन, संगम यंग बॉईज, खडकी ब्लूज ही नावं त्या लीगमधली. सकाळी कोणीतरी तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की मारतंय, रेषा हमखास कॉर्नरपाशी वाकडी, गोलकीपर दुसऱ्या टीमच्या गोलकीपरकडून ग्लोव्हज मागून घेतोय, आणि बाहेर पन्नास-साठ माणसं रेफ्रीच्या घराण्याचा उद्धार करत उभी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी बघायला जी झुंबड उडते, तिच्यापुढे हे काहीच नाही, मान्य. पण पचत नाही म्हणजे काय?

आता जे खरं आहे तेही सांगतो. ही फक्कीवाली माणसं बालेवाडीला फारशी आली नाहीत. वरचा क्लब आणि खालची लीग यांच्यात काही धागाच नव्हता. आपल्या पेठेतला, आपल्या लाइनीतला पोरगा वर खेळताना दिसला की अख्खी गल्ली जाते. तो दिसावा अशी व्यवस्था करणं हे प्रेक्षकाचं काम नव्हे.

‘चार क्लब आले, चारही गेले.’

आले आणि गेले, बरोबर. प्रेक्षकांमुळे गेले, हे कोणी सांगितलं?

पुणे एफसी, 2007 साली अशोक पिरामल समूहाने काढलेला. आय-लीगमधल्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, पहिल्याच मोसमात, 2009-10 ला, तिसरा. 2012-13 ला दुसरा, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. डेरिक परेराने सलग चार मोसम ही टीम सांभाळली. जेजे इथे खेळला, अनस एडथोडिका इथे घडला. आणि अराता इझुमी! जपानमध्ये जन्मलेला, वडील मूळचे गुजराती. भारताकडून खेळायला मिळावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, तेव्हा तो पुणे एफसीचाच खेळाडू होता. तर हा क्लब 2015 मध्ये बंद का पडला? 2014 च्या ऑक्टोबरात आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही वेगळी लीग, सुरू झाली. सिनेमातले तारे, टीव्ही, जाहिराती सगळं तिकडे. आय-लीगच्या क्लबांचं पुढे काय, याचं धड उत्तर फेडरेशनकडे नव्हतं. ज्या दुकानाचा रस्ताच उद्या बंद होणार असं दिसतंय, त्यात कोण पैसे घालेल?

भारत एफसी, कल्याणी समूहाचा. एक मोसम खेळला, 2014-15, तळाला राहिला, संपला. एका मोसमात तर भाजीवाल्याचंही गिऱ्हाईक बांधलं जात नाही.

डीएसके शिवाजियन्स. 2015-16 ला आय-लीगमध्ये आला, दोन मोसमांनी बाहेर. त्याच सुमारास त्या उद्योगसमूहाची आर्थिक कोंडी पुण्यातल्या पेपरांच्या पहिल्या पानावर रोज होती. आम्ही चार तिकिटं जास्त काढली असती म्हणजे ती सुटली असती का?

आणि चौथा, आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाचा. याच समूहाच्या डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीने जून 2019 मध्ये देणी चुकवली, रेटिंग कोसळलं. ऑगस्टमध्ये क्लब गुंडाळला. दोन तारखांमध्ये फार तर तीन महिन्यांचं अंतर. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मधे रिकाम्या खुर्च्या दिसतात, मला कॅलेंडर दिसतं.

2014-15 च्या मोसमात तर एका शहरात वरच्या पातळीवर तीन क्लब होते! तिघांचे रंग वेगळे, घोषणा वेगळ्या, ग्राऊंड एकच. माझा एक मित्र त्या वर्षी तीन जर्सी घेऊन बसला. पाच वर्षांनी त्यातली एकही घालून जायला मॅच उरली नव्हती.

‘मालकांनी कोट्यवधी ओतले, ट्रेझेगे आणला.’

इथे जरा बूड टेकून बसू या, कारण खरं दुखणं इथे आहे.

आणला की. डेव्हिड ट्रेझेगे, 1998 चा वर्ल्ड कप जिंकणारा, 2000 च्या युरो फायनलमध्ये गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पडताक्षणी मॅच संपवणारा गोल, मारणारा. पुण्यात आला तेव्हा सदतिसाव्या वर्षात. त्याला समोरून बघितलं याचा आनंद मला आजही आहे, खोटं कशाला बोलू. पण टीम आठात सहावी. पुढच्या वर्षी एड्रियन मुटू, टीम सातवी. तिसऱ्या वर्षी आइसलँडचा गुडयॉनसन जाहीर झाला, मोसम सुरू व्हायच्या आधीच जायबंदी, त्याच्या जागी सिसोको. टीम पुन्हा सहावी.

आता कोच मोजा. 2014 ला इटलीचा फ्रँको कोलोम्बा, कारण तेव्हा फिओरेंटिनाशी भागीदारी होती. 2015 ला इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट. 2016 ला स्पेनचा हबास, जो पहिल्या वर्षी कोलकात्याला चॅम्पियन करून आला होता आणि मागच्या मोसमातल्या बंदीमुळे आपल्याकडच्या सुरुवातीच्या मॅचेसना बेंचवर बसूच शकला नाही. 2017 ला सर्बियाचा रँको पोपोविच. 2018 ला पुन्हा स्पेनचा मिगेल अँखेल पोर्तुगाल. एक ड्रॉ, दोन पराभव, की नारळ दिला. तीन मॅचमध्ये! आपल्याकडे भाडेकरूला नोटीससुद्धा महिन्याची देतात. मग तात्पुरते प्रद्युम रेड्डी, मग डिसेंबरात फिल ब्राउन. पाच मोसम, सात माणसं. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, प्रत्येकाला खेळाडू वेगळे हवेत. म्हणजे दर वर्षी भिंत पाडायची आणि पुन्हा पायापासून सुरुवात.

यात एकच वर्ष गाडी रुळावर आली, पोपोविचचं. 2017-18. पुढे मार्सेलिन्हो आणि अल्फारो, मागे पोरसवदा विशाल कैथ गोलमध्ये, डाव्या बाजूने आशिक कुरुनियन पळतोय. चौथा नंबर, इतिहासात पहिल्यांदा सेमीफायनल. शहाण्या माणसाने काय केलं असतं? या माणसाला धरून ठेवलं असतं. आपण काय केलं? पुढच्या मोसमाच्या पहिल्या मॅचला बेंचवर दुसराच कोच.

आता शेजारी बघा. बंगळुरू एफसी 2013 ला सुरू झाला. तेही आयटीचं शहर, तेही क्रिकेटवेडं, तिथेही लोक ट्रॅफिकमध्ये सडतात. पहिल्या पाच वर्षांत त्यांचे कोच दोन: अ‍ॅशली वेस्टवूड आणि अल्बर्ट रोका. पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकली, तिसऱ्या वर्षी परत जिंकली. त्यांच्याकडे छेत्री होता हे खरं, पण छेत्रीही तिथे टिकला याला काहीतरी कारण असेल ना? पैसा आपल्याकडेही ओतला गेला. चाळणीत.

‘खुर्च्या रिकाम्या राहिल्या.’

राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसलोय. आडव्या अख्ख्या रांगा मोकळ्या बघितल्यात, कबूल.

फक्त एकदा काकांनी संध्याकाळी साडेसहाला खडकीहून किंवा हडपसरहून बालेवाडीला निघून बघावं. हिंजवडी सुटायची हीच वेळ. बाणेर रोड मुंगीच्या पावलाने. तेव्हा तिकडे मेट्रो नव्हती. आठची मॅच, संपेपर्यंत दहा, बाहेर पडून राधा चौकापर्यंत चालत, तिथे रिक्षावाला मीटरला हात लावणार नाही आणि पीएमपी आली तर नशीब. आत बसल्यावर, म्हाळुंगे-बालेवाडीचं हे स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं. मधे धावपट्टी, त्यामुळे कॉर्नर घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, फक्त नंबर दिसतो. बंगळुरूच्या कंठीरवालाही धावपट्टी आहे, पण ते गावाच्या मध्यात आहे आणि जवळ मेट्रो स्टेशन आहे.

तरीही 7 मार्च 2018 घ्या. बुधवार. सेमीफायनलची पहिली मॅच, समोर बंगळुरू. मी ऑफिसात ‘आईला डॉक्टरकडे न्यायचंय’ सांगून पाचला निघालो. (आईला माहीत होतं. तिने डबा दिला.) त्या दिवशी नारंगी रंग एवढा होता की राधा चौकातच घोषणा सुरू झाल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा, धोतर, टोपी, कानाला छोटा रेडिओ लावायची सवय असावी तसा उजवा हात सतत कानापाशी. नातवाला विचारत होते, ‘आपला पंचवीस नंबरचा का बसवलाय?’ ज्याला फुटबॉल पचत नाही त्याला हा प्रश्न पडत नाही. मॅच शून्य-शून्य सुटली. बाहेर पडताना कोणी हिरमुसलेलं नव्हतं, सगळे रविवारच्या दुसऱ्या मॅचची गणितं मांडत होते. रविवारी छेत्रीने तीन मारले. आपला एकच, लुकाची फ्री किक. 3-1.

त्या लोकांना पुन्हा बोलवायला काय लागलं असतं? पुढच्या वर्षी तीच टीम, तोच कोच. मिळालं काय, ते वर सांगितलं. चांगल्या चाललेल्या खानावळीचा आचारी बदलायचा आणि मग गिऱ्हाइकं कमी झाली म्हणून गिऱ्हाइकांनाच बोल लावायचा.

‘हैदराबादला जाऊन चॅम्पियन झाला.’

हे वाचून मी खरोखर हसलो. 2019-20 ला आपल्याकडूनच गेलेला फिल ब्राउन आणि आपल्याकडूनच गेलेले कितीतरी खेळाडू घेऊन हैदराबाद एफसी शेवटचा आला. अठरापैकी दोन मॅच जिंकल्या. ब्राउनला मोसम संपायच्या आधीच काढलं.

चॅम्पियन झाला तो 2022 च्या मार्चमध्ये, मानोलो मार्केझ कोच असताना. आणि तो मोसम कोरोनामुळे पूर्ण गोव्यात झाला. हैदराबादेत एकही मॅच नाही! लीगच्या मॅचेसना तर गोव्यातही प्रेक्षक नव्हते. म्हणजे पुण्याचा क्लब प्रेक्षकांअभावी बुडाला आणि प्रेक्षकांशिवाय चॅम्पियन झाला, असं काकांचं म्हणणं दिसतंय.

त्यातल्या त्यात, मार्केझने दोन मोसम तरुण पोरांवर विश्वास टाकला आणि मालकांनी त्याला काम करू दिलं. आशिष राय, निखिल पुजारी हे पुण्यातूनच तिकडे गेलेले, त्या टीममध्ये होते. पुढे त्याच हैदराबादेत खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, मालक बदलले, आणि 2025 मध्ये क्लब उचलून दिल्लीला नेला. आता तिथल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरत असेल, हैदराबादला फुटबॉल पचत नाही.

‘तिकीट काढून किती मॅच बघितल्या?’

एफसी पुणे सिटीच्या पाच मोसमांत घरच्या मॅचेस साधारण चाळीस झाल्या. मी तेवीस बघितल्या. दोन पासावर, बाकी तिकीट काढून. 2023 च्या सप्टेंबरात मुंबई सिटी एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी, आपलं घर म्हणून बालेवाडीला खेळली, इराणच्या नस्साजीशी, तेव्हाही गेलो होतो. मुंबईची टीम, हरली दोन-शून्य, आणि तरी माझ्या स्टँडमध्ये नारंगी जर्सी घातलेली चार डोकी मी मोजली.

तेवीसमध्ये एक मॅच धरलेली नाही. 2018 च्या ऑक्टोबरातली. हाफटाइमला उठून निघून आलो होतो.